फोर्कलिफ्टच्या पोटात काय घालायचं?

(दृश्य: भिवंडीजवळचं गोदाम, सकाळचे सहा. शटर वर जातं.)

डॉकला दोन ट्रेलर लागलेत. आत तीन टनी फोर्कलिफ्ट पॅलेट उचलते, आणि ऐकू येतो तो फक्त हायड्रॉलिक पंपाचा आवाज. ही बॅटरीवरची. बाहेर यार्डात त्याच मालकाची डिझेलवरची फोर्कलिफ्ट लोखंडी पाइप उतरवतेय. दोन्ही निवडी बरोबर आहेत.

(दृश्य: अवर मीटर, म्हणजे मशीन किती तास चालली ते मोजणारा मीटर, जवळून.)

हिशेब कोटेशनपासून नाही, इथून सुरू करायचा. आठवडाभर प्रत्येक पाळीच्या सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा वहीत लिहा. डिझेलच्या मीटरमध्ये नुसती धडधडत उभी राहिलेली मिनिटंही मोजली जातात, ती अंदाजाने वजा करा.

आता बॅटरी. 48 व्होल्ट, 600 अँपिअर-अवर म्हणजे 28.8 युनिट. लेड-ॲसिड बॅटरी 80 टक्क्यांपेक्षा जास्त उतरवायची नाही, म्हणजे हाती उरली 23 युनिट. मशीन तासाला साडेचार युनिट खात असेल, तर पाच तासांचं काम. एका पाळीला बहुतेक ठिकाणी एवढं पुरतं. पण पुढे आठ तास चार्जिंग आणि त्यानंतर थंड व्हायला जवळपास तेवढेच तास. दुसरी पाळी असेल तर दुसरी बॅटरी हवी, ती बदलायला क्रेन किंवा रोलर स्टँड हवा, आणि त्यासाठी जागाही. कोटेशनमध्ये ही जागा कुणी लिहीत नाही.

(दृश्य: ऑपरेटर सेलचं झाकण उघडतो. टॉर्च.)

आत पाहा. प्लेटा पाण्याखाली आहेत का? उघड्या दिसत असतील तर चार्जिंगआधी त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. पूर्ण टॉपअप चार्जिंगनंतर. आधीच काठोकाठ भरलं, तर चार्ज होताना द्रव फुगून बाहेर येतो, ॲसिड ट्रेमध्ये सांडतं आणि ट्रे गंजतो. नळाचं पाणी तर नकोच. अर्धवट चार्ज बॅटरी दिवसेंदिवस तशीच ठेवली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो. मग हायड्रोमीटरचा, म्हणजे ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीचा, आकडा पूर्ण चार्जनंतरही 1.28 च्या जवळ जात नाही. आणि चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन सुटतो. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. म्हणून बॅटरीच्या कप्प्यावरचं झाकण (सेलचं नव्हे) उघडं, खोलीला वरच्या बाजूला हवा जायची वाट, आणि जवळपास वेल्डिंग नाही.

(दृश्य: चहाची सुट्टी. मशीन चार्जरला लावलेली.)

लिथियमची गंमत इथे आहे. जेवणाची अर्धी सुट्टी, चहाची पंधरा मिनिटं, जेव्हा जमेल तेव्हा लावा. पाणी नाही, थंड व्हायची वाट नाही. दोन-तीन पाळ्यांना तीच बॅटरी पुरते. किंमत मात्र बरीच जास्त, आणि एका पाळीच्या गोदामात ती वसूल व्हायला फार वेळ लागतो. तिथे लेड-ॲसिडच बरी.

जुन्या मशीनमध्ये लिथियम बसवायची असेल तर आधी नेमप्लेट वाचा. तिथे बॅटरीचं किमान वजन लिहिलेलं असतं. लेड-ॲसिडचं ओझं मागच्या बाजूला तोल धरतं. हलकी लिथियम तशीच बसवली, तर भार वर गेल्यावर मागची चाकं उचलली जाऊ शकतात. कमी पडलेलं वजन लोखंडी प्लेटांनी भरून काढावं लागतं. जुना लेड-ॲसिडचा चार्जरही तिला चालत नाही.

शीतगृहात आणखी एक अट: शून्याखाली लिथियम चार्ज करायची नाही, आत धातूचा थर जमतो. बॅटरीत हीटर असला तर गोष्ट वेगळी, नाहीतर चार्जर दाराबाहेर ठेवा आणि सेल गरम होऊ द्या.

(दृश्य: पावसात यार्ड. डिझेल मशीन चढ चढते.)

चढ, खडी, चिखल, जड माल आणि कामाच्या तासांना मर्यादा नाही, तिथे डिझेल. पाच मिनिटांत टाकी भरली की पुन्हा कामाला. बंद गोदामात मात्र नको. धूर दिसतो तरी, कार्बन मोनॉक्साइड दिसतही नाही, वासही येत नाही. गॅसची मशीन कमी धुराची असली तरी हाच वायू तिच्यातूनही निघतो. गॅसवाल्या मशीनला द्रवरूपात गॅस देणारा खास सिलिंडर लागतो. स्वयंपाकाचा लावणं धोक्याचं, आणि बेकायदेशीरही.

(दृश्य: वीजबिल, बोट एका ओळीवर.)

इलेक्ट्रिक घेणाऱ्यांसाठी शेवटचं पान. लिथियमचे 15 किलोवॉटचे सहा चार्जर संध्याकाळच्या पाळीबदलाला एकदम लागले तर 90 किलोवॉट. मंजूर भार त्याहून कमी असेल, तर बिलावर दंडाची ओळ येते. शिवाय वेळेनुसार दर लागू असेल, तर कोणत्या तासांना वीज महाग आहे ते बिलावरच दिसेल. दोन मशिनं जेवणाच्या सुट्टीत, दोन दुपारी चहाला, दोन रात्री उशिरा. चार्जरशेजारी एक तक्ता खिळ्याला टांगा, त्यावर मशीन नंबर आणि वेळ. तो पाळणं सुपरवायझरच्या हातात.