शब्द कुणासोबत जातो

श्रोतेहो, नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात. कृष्णेचा पूर ओसरतो, ताप मात्र उतरतो. कुठला शब्द कुणासोबत जातो हे आपल्याला कुणी शिकवत नाही, ऐकून ऐकून ते कानात बसतं. इंग्रजी लिहिताना हाच कान आपल्याजवळ नसतो. आपल्या मुलांच्या इंग्रजी लेखनाची खरी अडचण मला व्याकरणापेक्षा इथे जास्त दिसते.

निबंधाच्या वह्यांत 'गिव्ह एक्झाम' हमखास सापडतं. आपल्याकडे शिक्षक परीक्षा घेतात आणि मुलं देतात. इंग्रजीत नेमकं उलटं: शिक्षक 'गिव्ह' करतात, मुलं 'टेक'. म्हणजे काळ, कर्ता, स्पेलिंग सगळं बिनचूक असूनही मुलगी वाक्यात थेट मास्तरांच्या जागी जाऊन बसते! चूक 'करतो' म्हणून 'डू मिस्टेक' लिहिलं जातं, तिथे हवं 'मेक'. अवघड शब्द मुलं डिक्शनरीत बघतात. मेक, डू, टेक, गिव्ह कोण बघणार? ते येतातच, असं वाटतं.

हे फक्त मराठी मुलांचं होतं असंही नाही. बेल्जियममधल्या भाषा-संशोधक सिल्व्हियान ग्रँजे यांच्या पुढाकाराने ११ मातृभाषांच्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध गोळा झाले. सुमारे २५ लाख शब्दांचा हा संग्रह २००२ साली आला. त्यातलं जर्मन विद्यार्थ्यांचं लेखन नाद्या नेसेलहाउफ यांनी तपासलं. ही चांगलं इंग्रजी येणारी, विद्यापीठातली मुलं. तरी क्रियापद आणि नाम यांच्या जोड्या पुष्कळ चुकल्या होत्या, आणि त्यामागे बऱ्याचदा मातृभाषा होती.

शिक्षक मित्रांना मात्र एक कळकळीची विनंती. मराठीसारखं दिसलं की लगेच लाल रेघ ओढू नका. 'टेक अ डिसीजन' ब्रिटिश इंग्रजीत सर्रास चालतं. ते खोडलं की मूल बिचकतं आणि पुढे हातचे दोन-चार शब्दच फिरवत बसतं.

पालकांनो, घरी एवढं करून बघा. शब्दार्थाच्या वहीत एकटा शब्द लिहू देऊ नका, त्याचा जोडीदारही लिहायला लावा, तोही वाचलेल्या वाक्यातून उचललेला. आपला वारा जोराचा आणि पाऊसही जोराचा. वहीत मात्र 'विंड'शेजारी 'स्ट्राँग' आणि 'रेन'शेजारी 'हेवी' लिहिलेलं हवं.