खांदेरीची नाकेबंदी: 'रिव्हेंज'ला गलबतं का अडवता आली नाहीत?

नमस्कार मंडळी! अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात. अलीकडचं उंदेरी, पलीकडचं खांदेरी. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या हुकमावरून मायनाक भंडारी माणसं घेऊन खांदेरीवर उतरले आणि तटाचं काम सुरू केलं. मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली, कारण मुंबईच्या तोंडावरची सगळी ये-जा या बेटावरून नजरेत येते.

इंग्रजांनी सप्टेंबरमध्ये बेटावर उतरून बघितलं, त्यात त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. मग ठरलं, रसद तोडायची. कॅप्टन केग्विनच्या हाताखाली आरमार आलं: 'रिव्हेंज' नावाचं फ्रिगेट म्हणजे शिडाचं मोठं लढाऊ जहाज, दोन गुराबा (डोलकाठ्यांची लढाऊ जहाजं), काही शिबाडं (मालवाहू जहाजं) आणि लहान मचवे.

आता खरी गंमत वाऱ्याची आहे, नीट ऐका. ऑक्टोबरात आपल्याकडे पावसाळी वारा पडतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, रात्री जमिनीकडून मतलई सुटते. थळहून निघालेल्या होडीला रात्री मतलई पाठीवर मिळते. बेटापलीकडे उभ्या असलेल्या 'रिव्हेंज'ला मात्र तोच वारा तोंडावर! शिडाच्या मोठ्या जहाजाला समोरच्या वाऱ्यात नागमोडी जावं लागतं, त्यात वेळ जातो. वारा पूर्ण पडला तर ते जागचं हलत नाही. शिवाय बूड खोल, म्हणून किनाऱ्याच्या खडकाळ उथळ पाण्यात शिरायची सोय नाही.

मराठ्यांचं गलबत याच्या नेमकं उलट. बूड उथळ, चाळीस-पन्नास वल्ही, वारा असो-नसो चालणारं. तोफा छोट्या, पण अंधारात धान्य, दारूगोळा आणि माणसं पोचवायला तोफा लागतातच कुठे?

१८ ऑक्टोबरच्या पहाटे मात्र समोरासमोर गाठ पडली. मराठ्यांचा सरदार दौलतखान याचं आरमार, पन्नासाच्या वर गलबतं, किनाऱ्याकडून सरळ वल्हवत आलं. नांगरावरच्या इंग्रजांना सावरायलाही सवड मिळाली नाही. अर्ध्या तासाच्या आत 'डव्ह' गुराबेनं निशाण उतरवलं, बाकीची जहाजं पळाली. 'रिव्हेंज' एकटी उरली. तिनं टिच्चून लढत पाच गलबतं बुडवली आणि मराठी आरमाराला नागोठण्याच्या खाडीकडे माघार घ्यावी लागली. शत्रूचं जहाज असलं तरी त्या खलाशांच्या हिमतीला दाद द्यायलाच हवी.

पण मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. इंग्रजांनी एवढी लढाई मारूनही मराठ्यांची रात्रीची वाहतूक थांबली नाही! नोव्हेंबरात जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार इंग्रजांच्या मदतीला आलं, तरी बेटावर सामान पोचतच राहिलं आणि तट वर चढत राहिला. आपण तोफांचे आकडे पाठ करतो. खांदेरी राखली ती वल्हं मारणाऱ्या कोळी-भंडारी हातांनी, आणि त्यांची नावं कुठल्याच कागदावर नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी जहाजं मागे घेतली. सिद्दी कासमनं त्याच महिन्यात शेजारचं उंदेरी बळकावून तिथे तोफा चढवल्या, आणि मराठ्यांना खांदेरीसाठी आता त्याच्याशी झुंजावं लागलं. उंदेरीची ती लढाई पुढच्या भागात बघू.