मैदान सगळ्यांचं: मच वेनलॉक आणि आपण

(मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी.

इंग्लंडमधल्या लहान गावांतल्या खेळाच्या आणि विरंगुळ्याच्या सोयींबद्दल बोलायला मला सांगितलंय. काहींना वाटलं असेल, ह्यात बोलण्यासारखं काय? लेझर सेंटर, म्हणजे खेळ-विरंगुळ्याचं सार्वजनिक केंद्र, किती वाजता उघडतं आणि गाडी कुठे लावायची, एवढं कळलं की झालं. पण जरा खाली बघा. आपण बसलोय त्या जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा आहेत. आपला गणपती ह्याच रेघांवर बसतो, मुलींचा लेझीमचा सराव इथेच चालतो, दिवाळीच्या पंगती इथेच उठतात. मोठ्या शहरातल्या मंडळांना स्वतःची वास्तू असते, देवळं असतात. लहान गावात आपलं सगळं सार्वजनिक जगणं अशा हॉलांच्या आणि मैदानांच्या आधाराने चालतं. त्या जागा कुणी उभ्या केल्या, का केल्या आणि आज त्या कशा टिकून आहेत, हे आपल्याला ठाऊक असायला हवं असं मला फार वाटतं.

त्यासाठी एकच गाव घेते. श्रॉपशरमधलं मच वेनलॉक. टेलफर्डहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येतं. वस्ती जेमतेम तीन हजारांची. जुन्या मठाचे अवशेष, अरुंद रस्ते, लाकडी चौकटींची घरं. आणि ह्या एवढ्याशा गावाचं नाव 2012च्या लंडन ऑलिंपिकच्या शुभंकराला दिलं होतं. एका डोळ्याचा तो वेनलॉक ज्यांच्या मुलांनी तेव्हा हट्टाने घ्यायला लावला असेल, त्यांच्या लक्षात असेल.

ह्या गावात 1809 साली विल्यम पेनी ब्रूक्स जन्मले. लंडन आणि पॅरिसमध्ये वैद्यकी शिकून परत गावात आले आणि वडिलांचा दवाखाना पुढे चालवू लागले. आजूबाजूच्या चुनखडीच्या खाणींतले मजूर, शेतमजूर, गवंडी हे त्यांचे पेशंट. ह्या माणसांची तब्येत आणि त्यांची रिकामी संध्याकाळ ह्यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे ब्रूक्सनी ओळखलं. म्हणून 1841मध्ये त्यांनी आधी कष्टकऱ्यांसाठी वाचनालय काढलं. त्या वाचनालयाच्या संस्थेतूनच 1850च्या फेब्रुवारीत 'ऑलिंपियन क्लास' निघाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिले खेळ झाले. धावणं, उड्या, क्रिकेट, फुटबॉल होतंच. पुढच्या वर्षांत डोळे बांधून हातगाडी ढकलण्याची शर्यत झाली, म्हाताऱ्या बायकांची धावण्याची शर्यतही झाली, आणि तिचं बक्षीस होतं एक पौंड चहा. ह्या चहाच्या पुडीला मी फार मोठं मानते. त्या काळात गावातल्या म्हातारीने सगळ्यांदेखत पळावं आणि गावाने तिला बक्षीस द्यावं, ही लहानसहान गोष्ट नव्हती.

पुढचा इतिहास तर थक्क करणारा आहे. 1859मध्ये अथेन्सला खेळ होणार असं कळल्यावर ब्रूक्सनी वेनलॉकहून 10 पौंडांचं बक्षीस पाठवलं. 1866मध्ये त्यांच्या पुढाकाराने लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला राष्ट्रीय खेळ भरले, तेव्हा अडथळ्यांची शर्यत जिंकली अठरा वर्षांच्या डब्ल्यू. जी. ग्रेसनी. होय, तेच दाढीवाले क्रिकेटवाले ग्रेस. 1890मध्ये फ्रान्सहून पिएर द कुबेर्तां हे तरुण गृहस्थ वेनलॉकला आले, पुढे आधुनिक ऑलिंपिक सुरू करणारे तेच हे. ब्रूक्स तेव्हा ऐंशी ओलांडलेले. त्यांनी पाहुण्यासाठी मुद्दाम खेळ भरवले आणि कुबेर्तांच्या हस्ते मैदानात ओकचं झाड लावलं. ऑलिंपिक अजून जिवंत आहे ते एका ग्रीक माणसामुळे नाही, डॉक्टर ब्रूक्समुळे, अशा अर्थाचं कुबेर्तांनी परत गेल्यावर लिहिलं. आधुनिक ऑलिंपिक अथेन्सला 1896च्या एप्रिलमध्ये भरलं. ब्रूक्स 1895च्या डिसेंबरमध्ये गेले होते.

पण ऑलिंपिकच्या श्रेयाचा वाद घालायला मी आलेले नाही. मला भावतं ते वेगळंच. 1866मध्ये लंडनच्या बड्या मंडळींनी स्वतःचा अ‍ॅथलेटिक क्लब काढला आणि त्यात कारागीर, यंत्रावर काम करणारे, मजूर ह्यांना येऊ न देण्याचा नियम केला. खेळ हा 'जंटलमन'चा, अशी त्यांची धारणा. ब्रूक्सनी आयुष्यभर उलट भूमिका धरली: खेळ सर्व थरांतल्या माणसांसाठी खुले. गावच्या डॉक्टरने राजधानीतल्या लोकांना हे सांगायचं, ह्याला छाती लागते.

आपल्याकडे हे चटकन समजेल, कारण आपल्याकडे खाशाबा जाधव झाले. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान 1948मध्ये लंडन ऑलिंपिकला आला, तेव्हा त्याचा सगळा सराव तांबड्या मातीतला. मॅटवरची कुस्ती त्याला नवी होती. तरी सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, त्याच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं आणि खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. अंगात गुण असून नुसत्या सोयीपायी माणूस कसा अडतो आणि गाव मागे उभं राहिलं की कसा सुटतो, हे ह्याहून स्पष्ट कुठे दिसणार?

आणखी एक धागा सांगते. शाळेत व्यायाम सक्तीचा व्हावा म्हणून ब्रूक्स वर्षानुवर्षं सरकारकडे लिहीत राहिले. नुसतं बोलून भागणार नाही म्हणून 1870च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गावच्या शाळेतल्या मुलांवर प्रयोग केला. एका गटाला फक्त कवायत, दुसऱ्याला बार, उडीचा घोडा आणि मुद्गल. काही महिन्यांनी छातीचं माप घेतलं, तर दुसऱ्या गटाची वाढ स्पष्टपणे जास्त होती. हे मुद्गल इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या आखाड्यांतून, पलटणींमार्फत इकडे आणलेले. आपल्या आखाड्यातली जोडी श्रॉपशरच्या शाळेतली पोरं फिरवत होती.

आता आजच्या वेनलॉककडे येऊ. टेकडीच्या पायथ्याशी लिंडन फील्ड आहे, वर जुन्या पवनचक्कीचा बुंधा. पूर्वी लोक त्या उतारावर बसून खेळ बघत. शेजारून रेल्वे जाई. तीही 1862मध्ये गावात आली ती बरीचशी ब्रूक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीने, आणि खेळांच्या दिवशी बाहेरगावची माणसं गाडीने येत. रेल्वे आता नाही, मैदान आहे. तिथे क्रिकेट आहे, टेनिस आहे, बोल्सची हिरवळ आहे. गावच्या शाळेला ब्रूक्स ह्यांचं नाव आहे आणि शाळेच्याच आवारात लेझर सेंटर आहे: पोहण्याचा तलाव, मोठा हॉल, व्यायामशाळा. मुलं आणि गावकरी दोघंही तीच जागा वापरतात. वेनलॉक ऑलिंपियन सोसायटी अजून चालू आहे आणि दर जुलैला खेळ भरवते.

ह्यातल्या बोल्सबद्दल थोडं जास्त बोलते, कारण तो आपल्याला सगळ्यात कमी ठाऊक असलेला आणि आपल्या सगळ्यात कामाचा खेळ आहे. हिरवळीवर आपला चेंडू घरंगळवत एका लहान चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचा, हा तो खेळ. ह्या भागात 'क्राउन ग्रीन' बोल्स खेळतात. म्हणजे हिरवळ सपाट नसते, मधोमध किंचित फुगलेली असते, आणि चेंडूही एका बाजूला ओढणारा बनवलेला असतो. त्यामुळे तो सरळ जातच नाही. ताकद लागत नाही, अंदाज लागतो. सत्तरीच्या बाई चाळिशीच्या माणसाला सहज हरवतात. आपल्या घरोघरी भारतातून आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात. आपण कामावर, नातवंडं शाळेत, आणि ते दोघं दिवसभर खिडकीशी. त्यांना बाग दाखवतो, किल्ले दाखवतो, रविवारी बाहेर नेतो. मंगळवारी दुपारी त्यांनी काय करायचं? गोट्या आणि विटीदांडू खेळून मोठ्या झालेल्या माणसाला बोल्स शिकायला एक दुपार पुरते. इंग्रजी यावंच लागतं असं नाही. बहुतेक क्लब नवीन माणसाला चेंडू वापरायला देतात आणि चहा पाजतात. कृपा करून एकदा घेऊन जा.

तसंच पार्करन. 2004च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये तेरा जण धावले, तिथून हे सुरू झालं. दर शनिवारी सकाळी नऊला, पाच किलोमीटर, पैसे नाहीत. चाललात तरी चालतं, आणि सगळ्यांच्या मागून एक स्वयंसेवक चालतो म्हणून शेवटचा नंबर कधीच आपला येत नाही.

आता जे सांगायला मी खरं तर उभी राहिले ते. इंग्लंडमध्ये कौन्सिलला लायब्ररी चालवणं 1964च्या कायद्याने बंधनकारक आहे. गावात मागणी असेल तर भाजी पिकवायला अलॉटमेंटची जमीन द्यायला 1908चा कायदा लावतो. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, खेळाचा हॉल ह्यांसाठी मात्र असा कायदा नाही. कौन्सिलने ते चालवावेत, नाहीतर बंद करावेत. आणि तलाव ही सगळ्यात खर्चिक गोष्ट. पाणी चोवीस तास तापवावं लागतं, कुणी पोहो न पोहो. 2022मध्ये गॅस आणि विजेचे दर भडकले तेव्हा देशभर कितीतरी तलावांचे तास कमी झाले, काही बंदच पडले. इकडे शाळेचा अभ्यासक्रम म्हणतो की प्राथमिक शाळा सोडताना प्रत्येक मुलाला 25 मीटर पोहता आलं पाहिजे. गावचा तलाव गेला की ते मूल शिकणार कुठे? ज्यांच्याकडे दोन गाड्या आहेत त्यांची मुलं शिकतील. बाकीच्यांची राहतील. आपल्यातल्या कितीतरी बायका इथे येऊन, चाळिशीत, फक्त बायकांसाठी ठेवलेल्या तासाला पाण्यात उतरल्या आणि पोहायला शिकल्या. तलावाचे तास कमी करायची वेळ आली की असे वेगळे ठेवलेले तास पहिले धोक्यात येतात.

टिकतात त्या जागा कशामुळे टिकतात? सॉमरसेटमधल्या पोर्टिसहेडला 1962चा उघड्यावरचा तलाव आहे. कौन्सिलने हात काढून घेतल्यावर गावकऱ्यांनी ट्रस्ट केला आणि स्वयंसेवकांच्या जिवावर तो चालवायला घेतला. तुमच्या गावच्या मैदानाच्या फाटकावर एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर युनिकॉर्न कोरलेला दिसला तर ते किंग जॉर्ज फील्ड. पाचवे जॉर्ज 1936मध्ये गेल्यावर त्यांच्या स्मरणार्थ देशभर अशी चारशे सत्तरहून जास्त मैदानं राखून ठेवली गेली. ती विकता येऊ नयेत अशी कागदपत्रं आहेत. पण कागद बघायला आणि आक्षेप घ्यायला कुणीतरी सभेला हजर असावं लागतं.

आपण हजर नसतो. आपली मुलं ज्युनिअर क्रिकेटला जातात आणि आपण गाडीत बसून फोन बघतो. हॉल भाड्याने घेतो, झाडून देतो, किल्ली परत करतो. चांगले भाडेकरू आहोत आपण, त्याबद्दल गावात आपलं नावही चांगलं आहे. पण भाडेकरूला जागा बंद होत असल्याचं शेवटी कळतं. अमरावतीत 1914मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं आणि 1936मध्ये बर्लिनला आपले खेळ दाखवले ती माणसं आपलीच होती. मंडळ चालवणं आपल्याला कुणी शिकवायला नको.

काहींना वाटतं, भारतीय पासपोर्टवर आपण काय करणार? म्हणून नीट सांगते. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव घालता येतं आणि मत देता येतं. कायमच्या वास्तव्याचा परवाना असेल तर टाउन किंवा पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे गावपातळीवरच्या कौन्सिलच्या, निवडणुकीला उभंही राहता येतं. कितीतरी पॅरिश कौन्सिलांत जागा रिकाम्या राहतात आणि इच्छुकांतून भरल्या जातात. खेळाचं मैदान, बाकं, झोपाळे, हॉल हे बहुतेक ह्याच कौन्सिलच्या हाती असतं. क्लबच्या किंवा हॉलच्या समितीत जायला तर मतदार असण्याचीही गरज नाही. तिथे खजिनदार कुणालाच व्हायचं नसतं, आणि आपल्यात हिशेब ठेवणारी माणसं केवढी आहेत.

तर मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. एक, जुलैच्या वेनलॉक खेळांना आपण सहकुटुंब जाऊ. ऑलिंपियन ट्रेल गावच्या संग्रहालयापासून सुरू होते, लिंडन फील्डवरून जाते, आणि ती आजी-आजोबांनाही सावकाश चालता येईल. दोन, आपण ज्या ज्या गावांतून आलोय, त्या प्रत्येक गावातून निदान एका माणसाने ह्या वर्षी हॉलच्या, क्लबच्या किंवा कौन्सिलच्या सभेला जायला सुरुवात करावी, आणि दिवाळीच्या कार्यक्रमात उभं राहून दहा मिनिटं तिथलं काय चाललंय ते सांगावं. चहाच्या टेबलावर दोन वह्या ठेवल्या आहेत, एक सहलीची, एक ह्या कामाची. नावाबरोबर गावाचंही नाव लिहा, म्हणजे एकाच गावातल्या माणसांची गाठ घालून देता येईल. धन्यवाद.