‘होय’वर खूण असलेला अर्ज

(दृश्य: भोसरी एमआयडीसी. सकाळची पाळी. गेटबाहेर कामासाठी आलेल्या माणसांची रांग.)

निवेदन:
नाव, पत्ता, शिक्षण, अनुभव. आणि शेवटच्या पानावर, खाली, एक रकाना. ‘आपल्यावर कधी फौजदारी गुन्हा दाखल झाला आहे का? होय / नाही.’

‘होय’वर खूण केली की बहुतेक ठिकाणी तो अर्ज तिथंच थांबतो. गुन्हा कोणता होता, किती वर्षांपूर्वीचा होता, शिक्षा झाली की माणूस निर्दोष सुटला, हे विचारायला त्याला कुणी आत बोलावत नाही.

ही फिल्म पुण्यात माणसं कामाला ठेवणाऱ्यांसाठी आहे. कारखानदार, बांधकाम व्यावसायिक, हॉटेलवाले, बेकरीवाले, पाच माणसांचं वर्कशॉप चालवणारे. मागणं एवढंच आहे: त्या माणसाला समोर बसवा, त्याच्याशी बोला आणि मग ठरवा.

(दृश्य: येरवडा. कारागृहाची भिंत. मग कारागृहात बनलेलं फर्निचर, जवळून.)

येरवडा मध्यवर्ती कारागृह म्हटलं की आपल्याला १९३२ चा पुणे करार आठवतो. पण त्या भिंतीआड रोज काम चालतं. सुतारकाम, शिवणकाम, विणकाम, बेकरी. या खुर्चीच्या पाठीचा सांधा बघा. कुठं फट नाही, खिळा वर आलेला नाही, कडा पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केलेल्या. राज्यातल्या कितीतरी सरकारी कचेऱ्यांत तुरुंगात घडवलेलं फर्निचर आहे. आपण त्यावर बसून अर्ज भरलेत. तेच हात सुटून बाहेर आले, की मात्र त्यांना कुणी रंध्याला हात लावू देत नाही.

आत असताना विश्वास टाकलेला आहे, हेही पुण्यातच घडलं. १ मे २०२२ पासून महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेनं येरवड्यातल्या बंद्यांसाठी ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. पन्नास हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज, तारण नाही. हप्ता बंद्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून. शिक्षा भोगत असलेल्या माणसाच्या मजुरीवर बँक भरवसा ठेवते. मग शिक्षा भोगून झालेल्याच्या मजुरीला आपण का घाबरतो?

(दृश्य: वर्कशॉप. लाकडाचा भुसा. कॅमेरा फक्त हातांवर.)

चेहरा दाखवायचा नाही, ही तुरुंगातून सुटून आलेल्या या सुताराची अट आहे. मुलीचं लग्न जमायचंय. सुतारकाम आत शिकले. सुटल्यावर पहिला प्रश्न खोलीचा आला. घरमालकाला भाडेकरूची पोलीस पडताळणी हवी, आणि पगाराचा कागदही. काम मागायला गेलं की तिथं राहण्याचा पत्ता हवा. आधी काय मिळवायचं?

इथल्या मालकांनी त्यांना ठेवलं, तेव्हा तीन गोष्टी केल्या, आणि त्या आम्हाला फार शहाणपणाच्या वाटल्या. खोलीच्या डिपॉझिटपुरती उचल दिली. केसची माहिती फक्त फोरमनला सांगितली, बाकी कुणाला नाही. आणि कोर्टाची तारीख असेल तर आदल्या दिवशी सांगून सुट्टी घ्यायची, असं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. मालक म्हणतात, ‘‘तारखेच्या दिवसाचा पगार कापतो. पण तारखेमुळं काम जाणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. त्यामुळं लपवाछपवी नाही.’’

(दृश्य: शिवाजीनगर न्यायालयाचं आवार. गर्दी. फाइली.)

आता थोडं आकड्यांचं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसं होती. त्यांतले ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी. म्हणजे दर चारांतल्या साधारण तिघांवर गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. त्यांतले कितीतरी जण पुढं निर्दोष सुटतात. पण न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव घातलं की केस दिसते. पार्श्वभूमी तपासणारी एजन्सी ती उचलते, अहवालात लाल रंगात टाकते, आणि निकाल काय लागला हे शेवटपर्यंत कुणी वाचत नाही. हा सरळसरळ अन्याय आहे.

कायदा इतका कठोर नाही. १९५८ च्या परिविक्षा (प्रोबेशन) अधिनियमाखाली ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीमुळं अपात्रता चिकटत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं अल्पवयात हातून घडलेल्या गुन्ह्यासाठी तेच संरक्षण दिलं आहे. अपवाद आहे तो गंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्या सोळा वर्षांवरच्या मुलांचा. आणि २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नोकरी देणाऱ्यांना सांगितलं, की गुन्ह्याचं स्वरूप बघा. तरुणपणी घोषणा दिल्या, किरकोळ गुन्हा झाला, तर तो माफ करता येतो, अगदी उमेदवारानं तो लपवला असला तरी.

महाराष्ट्राला तर याहून जुनी जखम आहे. १८७१ च्या कायद्यानं काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण पारधी वस्तीवरचा मुलगा आजही कामावर आडनाव सांगताना चाचरतो. त्याच्यावर केस नसली तरी.

आणि महाराष्ट्रानंच वेगळी वाटही दाखवली आहे. स्वातंत्र्याआधी औंध संस्थानानं (पुण्यातलं औंध नव्हे) सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. शिक्षा झालेली माणसं तिथं बिनभिंतीच्या वसाहतीत, बायकामुलांसह राहून शेती करायची.

(दृश्य: पुन्हा गेटबाहेरची रांग. दुपार.)

सगळीच कामं सगळ्यांसाठी मोकळी नाहीत, हे मान्य. खासगी सुरक्षा एजन्सीत दोषसिद्ध माणसाला रखवालदार ठेवायला कायद्यानंच मनाई आहे. लहान मुलांवर अत्याचार केलेल्याला शाळेच्या बसवर पाठवू नका. अफरातफरीत शिक्षा झालेल्याला लगेच तिजोरीवर बसवा, असंही कुणी म्हणत नाही. पण मारामारीच्या जुन्या केसचा वेल्डिंगशी काय संबंध? चोरीत शिक्षा भोगून आलेला माणूस भट्टीवर पाव का भाजू शकणार नाही? गुन्हा आणि काम एकमेकांशेजारी ठेवून बघितलं, तर नकार द्यायला कारण उरतं अशा जागा कमीच निघतात.

ब्रिटनमध्ये १९७४ पासून कायदा आहे: ठरावीक काळ स्वच्छ गेला, की बऱ्याच जुन्या शिक्षा नोकरीच्या वेळी सांगाव्या लागत नाहीत. तिथली टिम्पसन ही चाव्या बनवणारी आणि बूट दुरुस्त करणारी दुकानसाखळी वर्षानुवर्षं सुटलेल्या कैद्यांना कामावर घेते. तिच्या कर्मचाऱ्यांत दर दहांतला साधारण एक जण तसा असतो. ही साखळी तोवर चालवणारे जेम्स टिम्पसन २०२४ मध्ये तिथले तुरुंगमंत्री झाले. धंदा बुडाला असता तर ही वेळ आली नसती.

आपल्याकडं असा कायदा अजून नाही. पण अर्जावरचा तो रकाना तुमचाच आहे, तो आजच काढता येईल. केसचा प्रश्न मुलाखत झाल्यावर विचारा, एकट्यात विचारा, आणि उत्तरासोबत निकालाची प्रत मागा. इतरांना जितके महिने परीक्षेवर ठेवता, तितकेच यालाही ठेवा. पगारही तितकाच द्या. नडलेला आहे म्हणून कमी नको.

माणूस कुठं शोधायचा, असं विचाराल तर येरवडा कारागृहाच्या अधीक्षकांच्या कार्यालयाला पत्र लिहा. कोणतं काम आहे, किती माणसं हवीत, पगार किती, राहण्याची सोय आहे का, एवढं त्यात असू द्या. दुसरं पत्र जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांना. सुटलेल्या माणसांना उभं करणं हा त्यांच्या कामाचा भाग आहे, आणि त्यांना सर्वांत जास्त गरज आहे ती तुमच्यासारख्या मालकाच्या नावाची आणि फोन नंबरची.