चिठ्ठी कुणाची निघाली?

[दृश्य : तहसील कार्यालयाचं सभागृह. टेबलावर काचेची बरणी, आत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. मागे खच्चून भरलेल्या खुर्च्या.]

जळगाव जिल्ह्यातलं एक तहसील कार्यालय. आज सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत आहे. शाळेतलं एक पोरगं बरणीत हात घालतं, चिठ्ठी काढतं. साहेब ती उघडून सभागृहाला दाखवतात : महिला राखीव. मागच्या रांगेत एक खुर्ची करकरते आणि कुणीतरी उठून बाहेर जातं. पाच वर्षं तयारी केलेला गडी असावा.

इथल्या गर्दीला ही चिठ्ठी म्हणजे राजकारण. संशोधकाला मात्र तीच चिठ्ठी सोन्यासारखी वाटते.

[दृश्य : तापीकाठची केळीची बाग, मग सातपुड्याच्या पायथ्याचा कोरडा पाडा.]

समजा, बाई सरपंच झाल्यानं गावात काय फरक पडतो, हे शोधायचंय. सरळ मार्ग असा दिसतो : बाई निवडून आलेलं गाव घ्या, पुरुष निवडून आलेलं घ्या, दोन्हीकडचे नळ मोजा. इथेच फसगत होते. आपल्या मर्जीनं बाईला निवडून देणारं गाव मुळातच वेगळं असतं. तिथे मुली जास्त शिकलेल्या असतील, नाहीतर पैसा जास्त असेल. मग नळ बाईमुळे आले की त्या आधीच्या कारणामुळे, हे सांगणार कोण? चिठ्ठी मात्र गावाची परिस्थिती बघत नाही. पुरेशी गावं घेतली, की बागायती-कोरडवाहू, रावेरसारखी आणि अक्कलकुव्यासारखी, दोन्ही गटांत सारख्या प्रमाणात विखुरतात. उरलेला फरक खुर्चीवर कोण बसलं याचा. दोनच गावं घेऊन बसलात, तर यातलं काही जमत नाही.

हे ओळखलं आयआयएम कलकत्त्याच्या राघवेंद्र चट्टोपाध्याय यांनी. 73व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या होत्या. चट्टोपाध्याय आणि पुढे 2019 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर, हे दोन जिल्हे निवडले. बीरभूमच्या 161 ग्रामपंचायती आणि उदयपूरची 100 गावं. निष्कर्ष 2004 साली छापून आले.

[दृश्य : जमिनीवर खडूनं काढलेला गावाचा नकाशा. बोटं हातपंप, शाळा, रस्ता दाखवताहेत.]

पद्धत बघण्यासारखी आहे. ‘विकास झाला का हो?’ असं त्यांनी विचारलंच नाही. त्या प्रश्नाला लोक पक्ष बघून उत्तर देतात. गावात शिरल्यावर दहा-वीस जणांना जमवून नकाशा काढायला लावला. पाण्याची सोय कुठे, ती कधी झाली, चालू आहे की बंद. वेगळी नोंद केली ती गेल्या सहा महिन्यांत पंचायतीकडे आलेल्या तक्रारींची, आणि त्या बाईनं केल्या की बाप्यानं, याची. म्हणजे मागणी एका कागदावर, काम दुसऱ्यावर.

दोन्ही जिल्ह्यांत बायकांची मोठी ओरड पिण्याच्या पाण्याची होती, आणि महिला राखीव पंचायतींत पाण्यावर जास्त काम झालेलं निघालं. रस्त्यांचं चित्र जास्त बोलकं आहे. बंगालमध्ये बायका रस्ताही मागत होत्या, तिथे रस्त्यांवर काम वाढलं. राजस्थानात रस्त्याची मागणी मुख्यतः पुरुषांची, तिथे ते घटलं. बाईचं धोरण ‘मऊ’ असतं वगैरे गोष्टी इथे लागू पडत नाहीत. रोज डोक्यावर हंडा कोण वाहतं, त्याचा हा हिशेब.

आणि सरपंचपती? खानदेशातल्या पारावर हा प्रश्न आधी येतो : सही बाईची, कारभार भाऊंचा. खरंच आहे, पुष्कळ ठिकाणी तसंच चालतं. पण सगळीकडे निव्वळ तेवढंच असतं, तर पाण्याचा आकडा हलायला नको होता.

[दृश्य : ध्वनिमुद्रण यंत्र. हेडफोन लावलेला मध्यमवयीन माणूस.]

याच गटातल्या संशोधकांनी नंतर बीरभूममध्ये आणखी एक डाव टाकला. सरपंचाचं एकच भाषण, शब्दन् शब्द तेच. काहींना पुरुषी आवाजात ऐकवलं, काहींना बाईच्या. जिथे बाई कधीच प्रधान, म्हणजे तिकडची सरपंच, नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. जिथे बाईचा कारभार अनुभवला होता, तिथे हा भेद जवळपास गेला. 495 गावांच्या पाहणीत, सलग दोन वेळा राखीव राहिलेल्या गावांतल्या किशोरवयीन मुलामुलींच्या आकांक्षांमधली दरी 32 टक्क्यांनी कमी झालेली आढळली. दोन वेळा, हे लक्षात ठेवायला हवं. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा महिलांना आहेत, पण चक्राकार पद्धतीनं आरक्षण एका गावातून दुसऱ्यात फिरतं.

आपल्याकडे हाच अभ्यास करायचा, तर दोन खड्डे चुकवावे लागतील. एक, काम पूर्ण झाल्याची तारीख नको, मंजुरीची घ्या. टाकीचं उद्घाटन एकाच्या काळात होतं, ठराव दुसऱ्याच्या. दोन, 2019 नंतर जलजीवन मिशनचे नळ सगळ्याच गावांत येऊ लागले. नुसतं आधी-नंतर तोललं, तर ते सगळं श्रेय आयतंच नव्या सरपंचाच्या पदरात पडेल.

[दृश्य : यंत्रमागांचा खडखडाट.]

दुसरी चिठ्ठी कारखान्यातली. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम, तिथल्याच बिझनेस स्कूलचे जॉन रॉबर्ट्स आणि त्यांचे सहकारी 2008 साली तारापूर-उंबरगावच्या कापड गिरण्यांत गेले. 17 कंपन्या प्रयोगात भाग घ्यायला तयार झाल्या. सोडतीनं दोन गट पाडले. एकाला महिनाभराची तपासणी आणि पुढे चार महिने सल्लागार हाताशी. दुसऱ्याला फक्त तपासणी. 38 सवयींची यादी होती, एकही भारी नाही. माग बंद पडला तर लिहा. कुठलं सूत किती शिल्लक, ते लिहा. कापडातला दोष रोज, प्रकारवार नोंदवा. पहिल्या वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली.

मग आधी का केलं नाही? मालकांना वाटत होतं, आपलं बरं चाललंय. दुसरं कारण जळगावच्या डाळमिलवाल्याला सांगायची गरज नाही. चांगला कारभार करणारा वाढून बाकीच्यांना मागे टाकेल, असंही होत नव्हतं. कंपनी किती मोठी होणार, हे कारभार किती चांगला यापेक्षा घरात पुरुष किती, यावर जास्त ठरत होतं. परक्याच्या हातात चावी द्यायची तर चोरीची धास्ती. दुसरं युनिट टाकताना बँकेच्या व्याजाआधी धाकट्या भावाचा विचार होतो, तो यातूनच. घरातल्या लेकी-सुना त्या मोजणीतच नसतात.

[दृश्य : डाळमिल. चाळणीवरून तूर उतरतेय. बाजूला खिळ्याला टांगलेली वही.]

ही वही कशी असावी? चार रकाने पुरतात : पाळी, यंत्र किती मिनिटं बंद, कारण, चुरीची (फुटलेल्या डाळीची) पोती. चाळणी फाटली की लहान-मोठा दाणा एकत्र साल काढणाऱ्या रोलवर जातो. मोठा जास्त घासला जाऊन फुटतो, लहान सालीसकट बाहेर पडतो. चुरी वाढल्याचा दोष मग तुरीच्या मालाला दिला जातो. वहीत ‘चाळणी’ हा शब्द आठवड्यात तीनदा दिसला, की ते भांडण मिटतं.

2017 साली संशोधक त्या गिरण्यांत पुन्हा गेले. अंगी लावलेल्या सवयींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या, तरी सल्ला मिळालेल्या गिरण्या न मिळालेल्यांपेक्षा बऱ्याच पुढे होत्या. सवयी का सुटल्या, याची मुख्य कारणं दोन सांगितली गेली : व्यवस्थापक नोकरी सोडून गेला, आणि मालकाला वेळ नाही.

[दृश्य : वही जवळून. एका पानापर्यंत एकाच अक्षरात नोंदी. पुढचं पान कोरं. त्यापुढचं वेगळ्या अक्षरात : पाळी दुसरी, बंद 40 मिनिटं, चाळणी.]