105 मिलिमीटर: कॅनडातील पिस्तुलाची नळी आणि एका नव्या नमुन्याची प्रतीक्षा

मंडळी, आजच्या विषयाची सुरुवात मी पिस्तुलापासून न करता सुताराच्या पट्टीपासून करणार आहे. आपल्याकडचा जुना सुतार अजूनही इंच आणि सूत यांतच बोलतो. आठ सूत म्हणजे एक इंच. आता चार इंच एक सूत लांबीची पोलादी नळी घ्या आणि ती मेट्रिक पट्टीवर धरा. ती 104.8 मिलिमीटर भरेल. कॅनडात पिस्तुलाची नळी एवढी असेल तर ते निषिद्ध शस्त्र ठरते आणि सामान्य परवानाधारकाला ते विकत घेता येत नाही. त्याच नळीची लांबी अर्ध्या मिलिमीटरने वाढली, तर तेच पिस्तूल निर्बंधित वर्गात जाते. म्हणजे परवाना, नोंदणी आणि मान्यताप्राप्त मैदान या अटींवर ते बाळगता येते, आणि 2022 सालापर्यंत विकतही घेता येत होते. मी उमेदीची वर्षे भोसरीच्या एका टूलरूममध्ये काढली आणि नंतर ओंटारिओत स्थायिक झालो. टूलरूममध्ये एक मिलिमीटर ही फार मोठी गोष्ट असते, हे मला ठाऊक होते. परंतु अर्ध्या मिलिमीटरवर फौजदारी कायद्याची वर्गवारी फिरते, हे मला इथे आल्यावर कळले.

हा नियम कॅनडाच्या फौजदारी संहितेच्या कलम 84 मध्ये आहे. 1995 साली ॲलन रॉक न्यायमंत्री असताना अग्निशस्त्र कायदा संमत झाला आणि त्याची नवी वर्गवारी 1 डिसेंबर 1998 पासून अमलात आली. ज्या हातशस्त्राची नळी 105 मिलिमीटर किंवा त्याहून कमी आहे, ते निषिद्ध. जे .25 किंवा .32 कॅलिबरचे, म्हणजे इंचात मोजलेल्या साधारण तेवढ्या व्यासाचे, काडतूस झाडण्यासाठी बनवले आहे, तेही निषिद्ध, मग नळी कितीही लांब असो. खिशात किंवा कमरेला सहज लपणारी छोटी पिस्तुले बाजारातून हटवावीत, हा त्यामागचा उघड हेतू होता. 'किंवा त्याहून कमी' या शब्दांकडे लक्ष द्या. हेक्लर अँड कॉख या जर्मन कंपनीच्या पी7 या नावाजलेल्या पिस्तुलाची नळी 105 मिलिमीटरची आहे, ना अधिक ना उणी. कायद्यात नुसते 'त्याहून कमी' एवढेच असते, तर ते सुटले असते. 'बरोबर' असलेलेही धरायचे असे ठरल्यामुळे ते अडकले.

मापायचे कसे, तेही संहितेनेच सांगितले आहे. पिस्तुलाची नळी तोंडापासून चेंबरच्या मागच्या टोकापर्यंत मोजायची, म्हणजे काडतूस बसते तो भाग धरून. रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र नळी काडतुसे भरलेल्या फिरत्या चक्राच्या अलीकडे संपते, त्यामुळे काडतुसाची जागा मापात येत नाही. धक्का कमी करण्यासाठी किंवा गोळी सुटतानाचा ज्वाळेचा झोत दाबण्यासाठी तोंडावर बसवलेला जोडभाग दोन्हींतही वगळला जातो. याचा परिणाम असा की जगभर प्रचलित असलेले चार इंची रिव्हॉल्व्हर, ज्याची नळी 101.6 मिलिमीटर असते, ते कॅनडात निषिद्ध झाले. वास्तविक ते काही खिशात मावणारे हत्यार नाही. कित्येक देशांतील पोलीस ते कमरेच्या म्यानात उघडपणे वागवत असत. लपवण्याची सोय मोजायची होती आणि मोजली गेली नळी. मुठीची उंची, एकंदर लांबी, जाडी, वजन यांपैकी कशाचाच विचार या आकड्यात नाही.

आता ज्या पिस्तुलाची वाट पाहिली गेली, त्या हेक्लर अँड कॉखच्या व्हीपी9 या स्ट्रायकर पद्धतीच्या पिस्तुलाकडे वळतो. स्ट्रायकर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कॅरम येतो, आणि ती उपमा अगदीच चुकीची नाही. जुन्या घाटणीच्या पिस्तुलात मागे दिसणारा घोडा असतो. चाप ओढला की तो पुढे आपटतो आणि त्याच्या आघाताने फायरिंग पिन काडतुसाच्या बुडावर बसते. स्ट्रायकर पद्धतीत बाहेर दिसणारा घोडाच नसतो. स्लाइडच्या, म्हणजे नळीवर मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या, पोटात स्प्रिंग लावलेला एक दांडा असतो, तो चाप ओढल्यावर सुटतो आणि स्वतःच काडतुसावर आघात करतो. भाग कमी आणि चापाचा दाब दर वेळी जवळपास सारखाच, हा त्याचा मोठा गुण. कल्पना जुनी आहे, जर्मन लुगर पिस्तुलातही ती होती. हेक्लर अँड कॉखने 1970 सालीच व्हीपी70 हे प्लास्टिकच्या सांगाड्याचे स्ट्रायकर पिस्तूल काढले होते. पण 1982 साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने गॅस्टन ग्लॉक यांचे पिस्तूल निवडले आणि पुढे बाजार त्यांनी नेला.

म्हणून 2014 च्या जूनमध्ये त्याच जर्मन कंपनीने व्हीपी9 जाहीर केले, तेव्हा माझ्या नेमबाजीच्या मैदानावर दुसरी चर्चा उरली नाही. पी7 या आपल्या जुन्या स्ट्रायकर पिस्तुलानंतर इतक्या वर्षांनी ही कंपनी स्ट्रायकरकडे परतत होती. मुठीच्या मागचा आणि दोन्ही बाजूंचा भाग बदलता येत असल्याने लहान-मोठ्या कोणत्याही हाताला ते बसवता येणार होते. मी आमच्या गावच्या दुकानात गेलो. दुकानदाराने माहितीपत्रक काउंटरवर पसरले, नळीच्या लांबीच्या ओळीवर पेन टेकवले आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिले. तिथे 104 मिलिमीटर छापले होते. मी बोटाने ती ओळ पुन्हा एकदा वाचली, जणू काही छपाईची चूक निघेल. नव्या पिस्तुलाबद्दल इतर देशांतील माणसे विचारत होती की किंमत किती, येणार कधी. आमचा प्रश्न एवढाच होता की कारखाना आमच्यासाठी दोन मिलिमीटर जादा पोलाद खर्च करील का.

हा प्रश्न वेडगळ नव्हता, कारण त्याला आधार होता. ग्लॉक 19 या मध्यम आकाराच्या पिस्तुलाची मूळ नळी 102 मिलिमीटरची. कॅनडासाठी कंपनीने ती 106 मिलिमीटरची केली. स्लाइड तीच ठेवल्यामुळे नळीचे तोंड पुढून किंचित बाहेर डोकावते. मैदानावर एका सोबत्याचे असे पिस्तूल मी हातात घेऊन पाहिले आहे. स्लाइडच्या सपाट तोंडापुढे आलेला तो पोलादी कडा अंगठ्याच्या नखाला लागतो, आणि कायद्याला हवी असलेली सगळी लांबी तेवढ्यातच आहे. त्याने पिस्तूल लपवायला अवघड झाले, असे कोणी गांभीर्याने म्हणणार नाही. दुसरीकडे, ज्यांची मूळ रचनाच लांब होती त्यांना काही करावे लागले नाही. स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पी या स्ट्रायकर पिस्तुलाची सव्वाचार इंची नळी 108 मिलिमीटर भरते, ग्लॉक 17 ची 114. व्हीपी9 च्या कुटुंबातही पुढे 127 मिलिमीटर नळीचे लांब रूप आले, ज्याला हा नियम आडवा येण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र ज्याला मध्यम आकाराचे पिस्तूल हवे होते, त्याला लांब रूप दाखवून समाधान होत नाही.

या नियमाने काहीच साधले नाही, असे मी म्हणणार नाही. अगदी छोटी, दोन-तीन इंची नळीची पिस्तुले कायदेशीर बाजारातून खरोखर नाहीशी झाली. 1998 च्या त्या तारखेला ज्यांच्या नावावर अशी शस्त्रे नोंदलेली होती, त्यांना ती ठेवता आली आणि त्यांच्यातल्या त्यांच्यात विकताही आली. ते वर्तुळ वयोमानाने लहान होत चालले आहे. पण गुन्ह्यात सापडणारी बरीच हातशस्त्रे अमेरिकेच्या सीमेवरून चोरट्या मार्गाने येतात, हे टोरांटो पोलिसांनी अनेकदा सांगितले आहे, आणि ती आणणारा माणूस पट्टी लावून बसत नाही. माझा आक्षेप कडक कायद्याला नाही. ज्या गुणाचे नियंत्रण करायचे तो गुण सोडून त्याच्या शेजारचा आकडा धरला की कारखाना आकडा सांभाळतो आणि गुण तसाच राहतो, इतकेच मला दाखवायचे आहे.

देश बदलला की आकड्याचा अर्थ किती उलटतो, तेही पाहा. भारतात सामान्य नागरिकाला 9 मिलिमीटरचे पिस्तूल मिळत नाही, कारण तो बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, निषिद्ध आहे; मिळते ते .32, आणि कानपूरच्या आयुध कारखान्यातले .32 रिव्हॉल्व्हर पुण्या-कोल्हापुरातल्या परवानाधारकांच्या कपाटात असते. कॅनडात नेमके .32 निषिद्ध आणि 9 मिलिमीटर निषिद्ध नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या सेंटर फायर (बुडाच्या मध्यभागी आघात होणाऱ्या काडतुसांच्या) प्रकारात मात्र .32 चे काडतूस मानाचे आहे, म्हणून कॅनडाला पार्दिनी, वॉल्थर अशा स्पर्धेच्या पिस्तुलांची नावे देऊन वेगळी सवलत लिहावी लागली.

अखेर ही सगळी मोजमापे दुय्यम झाली. 21 ऑक्टोबर 2022 पासून व्यक्तींना हातशस्त्रे विकण्यावर, खरेदी करण्यावर आणि देण्या-घेण्यावर बंदी आली, आणि 15 डिसेंबर 2023 रोजी संमत झालेल्या कायद्याने ती पक्की झाली. मे महिन्यात घोषणा झाल्यावर ऑक्टोबरपर्यंत दुकानांसमोर जी गर्दी झाली, तीत नळीची लांबी विचारणारे थोडे आणि शिल्लक काय आहे हे विचारणारे फार होते. सवलत उरली ती मुख्यतः ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक प्रकारांत सराव करणाऱ्यांना, तीही संघटनेचे पत्र असेल तर. धावत, वळत, वेळेशी स्पर्धा करत नेम धरण्याच्या आयपीएससी प्रकाराला ती नाही, आणि स्ट्रायकर पिस्तुले प्रामुख्याने तिथेच वापरली जात होती. त्यामुळे आता एखादी कंपनी नवा नमुना जाहीर करते, तेव्हा मी सवयीने आधी नळीची ओळ शोधतो, 106 किंवा 108 दिसले की क्षणभर बरे वाटते, आणि मग आठवते की आता त्याने काही फरक पडत नाही.

मघाशी एका मुलीने विचारले की इथे कॅनडात राहून नेमबाजी शिकायची असेल तर काय करावे. राही सरनोबतचे 2018 च्या आशियाई स्पर्धेतले 25 मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक तिच्या डोळ्यांसमोर आहे, हे उघड आहे. तिला मी सांगेन की 10 मीटर एअर पिस्तुलापासून सुरुवात कर. छऱ्याचा वेग सेकंदाला 152.4 मीटर आणि ऊर्जा 5.7 जूल या दोन्ही मर्यादा ओलांडल्या, तरच हवेच्या शस्त्राला इथे परवाना लागतो, आणि स्पर्धेची एअर पिस्तुले त्या मर्यादेच्या आत बसतात. त्यांची नळी कोणी मोजत नाही.