मॅरियनचा संपादक

वॉरन हार्डिंग १९२१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्याविषयी बोलायला लागलं, की लोक दोन वाक्यांत टीपॉट डोमच्या तेलघोटाळ्यावर, म्हणजे त्यांच्या मंत्र्याने लाच घेऊन सरकारी तेलसाठे खासगी कंपन्यांना दिले त्या प्रकरणावर, येतात. आपण मात्र आधी ओहायो राज्यातल्या मॅरियनला जाऊ. हा माणूस तिथल्या छापखान्यात घडला.

शाईची ओळख लहानपणीच झालेली. शेजारच्या कॅलेडोनियातलं 'आर्गस' हे साप्ताहिक वडिलांनी घेतलं, तेव्हा वॉरन दहा-अकरा वर्षांचे होते.

साल १८८४. वय अठरा. दोन मित्रांना सोबत घेऊन त्यांनी 'मॅरियन स्टार' विकत घेतलं. गावात पत्रं तीन. त्यातलं हे सगळ्यांत डबघाईला आलेलं, पण रोज निघणारं हे एकच. किंमत तीनशे डॉलर, शिवाय आधीच्या कर्जाचा बोजा. पेपरबरोबर रेल्वेचा फुकट पास मिळाला होता. तो घेऊन स्वारी थेट शिकागोला, रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाला! परत येऊन बघतात, तर पेपर शेरीफच्या ताब्यात गेलेला.

मग पोटासाठी 'मॅरियन मिरर'मध्ये नोकरी. तो पेपर डेमोक्रॅटिक पक्षाचा. मनात रिपब्लिकन उमेदवार ब्लेन, आणि छापायचं कौतुक डेमोक्रॅट क्लीव्हलँड यांचं. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत क्लीव्हलँडच जिंकले. पुढे वडिलांनी पैशांची मदत केली आणि 'स्टार' परत हाती आलं.

आता हार्डिंग यांची हुशारी बघा. दैनिक कुठल्याच पक्षाचं ठेवलं, आठवड्याची आवृत्ती मात्र रिपब्लिकन वळणाची. त्यामुळे दोन्हीकडचे दुकानदार जाहिराती देऊ लागले. गावही वाढत होतं. १८८० ची चार हजारांची वस्ती दहा वर्षांत दुप्पट झाली.

१८९१ मध्ये फ्लॉरेन्स क्लिंग यांच्याशी लग्न झालं. काही वर्षांनी फ्लॉरेन्सबाईंनी वितरणाचं काम अंगावर घेतलं आणि पेपर विकणाऱ्या पोरांना शिस्त लावली. त्या पोरांतला एक नॉर्मन थॉमस. समाजवादी पक्षातर्फे तो पुढे सहा वेळा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला.

हार्डिंग यांनी आपल्या बातमीदारांना घालून दिलेले नियम आजही वाचावेत असे आहेत. प्रत्येक प्रश्नाला दोन बाजू असतात, दोन्ही मिळवा. राजकीय सभेची बातमी जशी घडली तशी द्या, तुम्हाला हवी तशी नको. शंभर अर्धवट चुकीच्या बातम्यांपेक्षा एक पूर्ण बरोबर बातमी बरी. आणि एक नियम तर फारच मोलाचा: नातेवाइकाच्या गुन्ह्याची बातमी देताना घरातल्या निरपराध माणसाची किंवा लेकराची बेअब्रू शक्यतो होऊ देऊ नका. कुणी विनंती करायला येईल म्हणून थांबू नका, आपणहून करा.

ज्याची बातमी छापली, तोच दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटणार, अशा गावातच हा नियम सुचू शकतो. कुणाला दुखवायचं नाही, ही त्यांची वृत्ती इथेच मुरली. १८९९ मध्ये ते राज्याच्या सिनेटवर निवडून गेले, ते याच गोडव्यावर. पण वॉशिंग्टनमध्ये मित्रांवर असाच भरवसा टाकला, तो महागात पडला. हेही मान्य करायलाच हवं.

१९२० ची निवडणूक त्यांनी मुख्यतः मॅरियनमधल्या स्वतःच्या घराच्या ओसरीवरून लढवली. समोरचे उमेदवार जेम्स कॉक्स, तेही ओहायोतलेच वृत्तपत्रमालक! बातमीदारांसाठी घरामागे एक छोटा बंगला बांधला होता. उमेदवार हार्डिंग तिथे येऊन त्यांच्याशी गप्पा मारत. व्हाइट हाउसमध्ये गेल्यावर पत्रकारांना आठवड्यातून दोनदा भेटायची प्रथा त्यांनी पुन्हा सुरू केली.